ठोके चुकतात, त्यात पोटाचा काय संबंध?

नेरुळच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नाव अर्थातच देत नाही, पत्रही थोडं आटोपशीर केलं आहे.

"आमचे हे अठ्ठावन्न वर्षांचे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका अडत्याकडे हिशेब बघतात. पहाटे साडेतीनला उठतात, चारला घर सोडतात, दुपारी दोनला परत. बीपी आणि शुगर दोन्ही आहे, गोळ्या चालू आहेत. उंची पाच फूट सहा इंच, वजन ९४ किलो. रात्री घोरणं इतकं, की भिंतीपलीकडे ऐकू जातं. दिवाळीत लेकीने मनगटावरचं घड्याळ दिलं, ते सारखं दाखवायला लागलं की ठोके अनियमित आहेत. ईसीजी काढला तर एट्रियल फिब्रिलेशन निघालं. डॉक्टरांनी ठोके आवरणारी एक गोळी आणि रक्त पातळ करणारी अपिक्सॅबॅन दिवसातून दोनदा दिली आणि म्हणाले, 'वजन उतरवा, निदान दहा टक्के.' तेव्हापासून ह्यांचा पारा चढलाय. म्हणतात, ठोके चुकतात त्यात पोटाचा काय संबंध? मार्केटमधला तो काडीसारखा माणूस, त्यालाही हाच आजार आहे. डॉक्टरला दुसरं काही सुचलं नाही की वजनावर घसरतो. इकडे सोसायटीतल्या एका वहिनींनी शेकचा डबा आणून दिलाय, महिन्यात आठ किलो उतरतात म्हणे. आणि ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं म्हणून रक्ताची गोळी बंद करायचं ह्यांच्या मनात आहे, वजन उतरलं की तिची गरजच नाही म्हणतात. शनिवारी मित्रांबरोबर बसणंही चालू आहे. मी काय करू?"

ताई,

यजमानांचा प्रश्न अगदी रास्त आहे. तो त्यांनी तिथल्या तिथे डॉक्टरांनाच विचारायला हवा होता. पण बाहेर पेशंट ताटकळलेले असले की 'वजन उतरवा' एवढंच बोलून होतं आणि समोरच्याला ते टोमण्यासारखं लागतं. आम्ही डॉक्टर लोक गुडघ्यापासून पित्तापर्यंत सगळ्याला वजनच जबाबदार धरतो, हा आरोपही पूर्ण खोटा नाही. पण या एका आजारात मात्र त्यांच्या डॉक्टरांनी टोलवाटोलवी केलेली नाही, दुखण्याच्या मुळावर बोट ठेवलं आहे.

हृदयाला चार कप्पे, दोन वर आणि दोन खाली. ठोक्याची सुरुवात उजव्या वरच्या कप्प्यातल्या एका ठरलेल्या जागी होते, स्वस्थ बसलेल्या माणसात मिनिटाला ६० ते १०० वेळा. तिथून विजेची एक लहर वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरते, मधल्या एका गाठीपाशी क्षणभर थबकते आणि मग खाली उतरते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या तोंडी 'एएफ'मध्ये, वरच्या कप्प्यांत एका लहरीऐवजी कितीतरी लहरी एकाच वेळी भटकत असतात, मिनिटाला ३५० ते ६०० च्या वेगाने. कप्पा धड आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. यजमानांना त्यांच्या भाषेत सांगा: गाळ्यावर पन्नास जण एकदम भाव ओरडायला लागले की काट्यावरच्या माणसाला जेवढं ऐकू येतं तेवढ्यावरच तो माल सोडतो, त्याला ना क्रम राहतो ना ताल. मधली ती गाठ हेच करते. म्हणून एएफमधली नाडी नुसती जलद नसते, बेताल असते.

आता पोटाचा संबंध. शरीराचा पसारा वाढला की त्यात फिरणारं रक्त वाढतं, आणि ते ढकलायला हृदयाला जास्त राबावं लागतं. सोबत बीपी असलं की खालचा डावा कप्पा जाड आणि ताठ होतो, पुरेसा सैल पडत नाही. मग मागचा दाब वरच्या डाव्या कप्प्यावर येतो. त्याची भिंत मुळात पातळ. ती वर्षानुवर्षं ताणली जाते, कप्पा मोठा होतो आणि ताणलेल्या स्नायूत तंतूंचे पुंजके तयार होतात. विजेच्या लहरीला सरळ वाट मिळत नाही, ती वळसे घेते, वळसा घेता घेता पुन्हा मागे येते, आणि तिथेच ही गोंधळाची सुरुवात होते.

दुसरी गोष्ट यजमानांना बहुधा कुणी सांगितली नसेल. चरबी पोटावर साठते तशी हृदयावरही साठते. पोटावरची आरशात दिसते, ही दिसत नाही. हृदयाच्या स्नायूला ती अगदी चिकटून असते, दोघांच्या मधे पडदाही नसतो आणि दोघांच्या रक्तवाहिन्याही एकच. या चरबीतून सूज वाढवणारी द्रव्यं थेट कप्प्याच्या भिंतीत झिरपतात, आणि पुढे पुढे चरबीच्या पेशी स्नायूच्या आतही शिरतात. म्हणजे 'ठोके इथे आणि चरबी तिथे' हा यजमानांचा हिशेबच मुळात चुकला आहे.

हिशेबाचाच माणूस आहे, तर पुरावाही द्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांच्या हृदयाचा अभ्यास १९४८ पासून चालू आहे. त्यातून २००४ साली असं प्रसिद्ध झालं, की स्थूल माणसांना एएफ होण्याचा धोका इतरांपेक्षा साधारण दीडपट असतो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, एका अंकाने वाढला की धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. पण मला त्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. संशोधकांनी डाव्या वरच्या कप्प्याचा आकार हिशेबात धरला, तेव्हा वजनाचा वेगळा असा परिणाम उरलाच नाही. वजन कुठल्या वाटेने ठोक्यांपर्यंत पोचतं, हे त्या एका गणितात दिसतं: मुख्यतः कप्पा मोठा करून.

मग मार्केटमधल्या त्या काडीसारख्या माणसाचं काय? त्यालाही एएफ होऊ शकतं, त्यात काही नवल नाही. वय, दारू, थायरॉइडचा जोर, आणि आपल्या देशात विशेषतः लहानपणी सांधेताप होऊन खराब झालेली झडप, अशी कारणं बारीक माणसातही असतातच. म्हणूनच यजमानांचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) झालं नसेल तर करून घ्या. सांधेतापाने आकसलेली झडप निघाली तर रक्त पातळ करणारं औषधही बदलतं. तिथे जुन्या पद्धतीचं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) बघत घ्यायचं औषधच लागतं, अपिक्सॅबॅन चालत नाही. आणि आणखी एक: काही न करता वजन आपोआप उतरायला लागलं, हात थरथरतात, घाम फुटतो, तर खूश होऊ नका, आधी थायरॉइड तपासा.

दहा टक्क्यांचा आकडा डॉक्टरांनी हवेतून काढलेला नाही. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या डॉक्टरांनी एएफ असलेल्या ३५५ वजनदार रुग्णांचा पाच वर्षं पाठपुरावा केला, २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांनी दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यात ठोक्यांच्या औषधाशिवाय आणि कुठल्याही प्रोसिजरशिवाय ताल टिकून राहिलेले सुमारे ४५ टक्के निघाले. तीन ते नऊ टक्के उतरवलेल्यांत २२ टक्के, आणि त्याहून कमी उतरवलेल्यांत १३. हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, आणि त्यांच्या बीपी, शुगर, झोप, दारू या सगळ्यांकडेही तिथे लक्ष दिलं जात होतं. त्यामुळे सगळं श्रेय एकट्या काट्याला देऊ नये. तरी आकडे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत.

त्याच अभ्यासात एक गोष्ट आहे, ती त्या शेकवाल्या वहिनींनाही वाचून दाखवा. ज्यांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त खालीवर होत राहिलं, त्यांच्यात एएफ परतण्याचा धोका दुप्पट झाला. उतरवलं, चढलं, पुन्हा उतरवलं, पुन्हा चढलं, याने कमावलेलं बरंचसं हातचं जातं. यजमानांच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे जेमतेम पावणेपाच किलो. एका गणपतीपासून दिवाळीपर्यंत एवढं चढताना मी पुष्कळांना पाहिलं आहे.

तेव्हा लक्ष्य काय? ९४ चे ८५, इतकंच. पंच्याऐंशी किलोला त्यांचा बीएमआय तीसच्या आसपास येईल आणि आपल्याकडच्या मोजमापात पंचविसाच्या पुढे स्थूलच म्हणतात. म्हणजे ते तेव्हाही चांगले भरलेलेच दिसतील, कुणी 'काय हो, आजारी होतात का' म्हणून विचारणार नाही. महिन्याला दीड किलो धरलं तर सहा महिने. जो माणूस वर्षअखेर सहा महिन्यांची उधारी वसूल करतो, त्याला हा पल्ला मोठा नाही.

तो डबा मात्र परत करा. महिन्यात आठ किलो म्हणजे जवळजवळ उपासमार. तशा खाण्यात शरीरातलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घसरतं, आणि या दोन क्षारांवरच ठोक्यांची शिस्त अवलंबून असते. १९७० च्या दशकात अमेरिकेत नुसत्या द्रव प्रोटीनवर राहायचं खूळ आलं होतं. त्यात धडधाकट दिसणारी माणसं ठोके बिघडून दगावली. शिवाय यजमानांना शुगरच्या गोळ्या चालू आहेत. जेवण एकदम तोडलं आणि गोळ्या तेवढ्याच राहिल्या, तर पहाटे साडेचारला मार्केटमध्ये चक्कर येऊन पडायची वेळ येईल. आणि डब्यात नक्की काय आहे? वजन उतरवण्याच्या पावडरींत आणि गोळ्यांत सिब्युट्रामिन मिसळलेलं वारंवार सापडलं आहे. हे औषध हृदयाला घातक म्हणून आपल्याकडे २०११ साली बंद झालं. कधी थायरॉइडचं हार्मोनही घातलेलं असतं, जे स्वतःच एएफ घडवतं. वहिनींचा हेतू चांगला असेल, पण डबा त्यांनी बनवलेला नाही.

हल्ली वजनाच्या इंजेक्शनांबद्दल लोक विचारतात, तुम्हीही विचाराल. गेल्या वर्षा-दोन वर्षांत ती आपल्याकडे मिळायला लागली आहेत, शुगर आणि वजन दोन्ही असलेल्यांना उपयोगी पडतात. पण ती नाडीचा वेग थोडा वाढवतात आणि सुरुवातीला मळमळ, उलट्या होतात. घ्यायची तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, औषधाच्या दुकानातल्या ओळखीवर नव्हे.

आता रोजचं खाणं. पत्रात तुम्ही खाण्याचं काही लिहिलं नाहीत, पण अशा वेळापत्रकाचे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत, त्यामुळे अंदाज बांधते, चुकला तर सोडून द्या. पहाटे चहा-बिस्किट. सहा-सात वाजता मार्केटमधला वडापाव, कधी दोन. सकाळभर कटिंग, गिऱ्हाईक आलं की एक, गाडी लागली की एक. दोनला घरी, कडकडून भूक, म्हणून पोटभर जेवण, त्यावर लगेच झोप. संध्याकाळी काहीतरी चटकमटक, नऊला पुन्हा जेवण.

यात सगळ्यात सोपी चोरी चहात पकडता येते. एका कटिंगमध्ये दीड चमचा साखर धरली आणि दिवसाला सहा कटिंग धरल्या तर नऊ चमचे साखर झाली, सुमारे चाळीस ग्रॅम. शुगरची गोळी घेणारा माणूस! चहावाल्याला बिनसाखरेचा सांगायला लाज वाटत असेल तर दोन कटिंगवर या, आणि मधल्या वेळी गाळ्यावर नुसतं ताक ठेवा. मीठ त्यात चिमूटभरच, बीपी विसरू नका. एका वडापावात तीनशेच्या आसपास कॅलरी जातात, त्याऐवजी तुम्ही पहाटे डबा दिलात तर बरं. त्यासाठी साडेतीनला उठून स्वयंपाक करा असं मी अजिबात म्हणत नाही. रात्रीच दोन भाकऱ्या आणि मटकीची कोरडी उसळ बांधून ठेवा, सकाळी सहापर्यंत काही होत नाही. यजमानांनाच बांधू द्या, तर आणखी उत्तम. दुपारचं जेवण निम्मं होईल, कारण भूक तेवढी भडकलेली नसेल. रात्रीचं साडेसातला उरका. नऊला जेवून साडेनऊला अंथरुणावर पडणं या माणसाला परवडणारं नाही.

तेलाचा डबा महिन्याला किती लागतो ते एकदा बघा. तिघांच्या घरात तीन लिटर लागत असेल तर दोनावर आणा. पदार्थ तेच राहू द्या.

आणि उपवास. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार यांच्या नावावर साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, वर बटाट्याचा कीस. उपवासाच्या दिवशी शुगर जास्त निघाली की घरचे चकित होतात. मला त्यात चकित होण्यासारखं काही दिसत नाही. उपवास सोडायला सांगत नाही, श्रद्धेचा भाग आहे. भगर, आमटी, दही, काकडी, एखादं फळ. गोळ्या चुकवून तर मुळीच नको.

शनिवारच्या बैठकीबद्दल तुम्ही एकाच ओळीत लिहिलंत, ती ओळ फार महत्त्वाची आहे. दारू वजन वाढवते हे एक, आणि ती ठोकेही थेट बिघडवते. ऑस्ट्रेलियातच एएफ असलेल्या, नियमित पिणाऱ्या १४० जणांवर प्रयोग झाला, २०२० साली तो छापून आला. निम्म्यांना दारू सोडायला सांगितलं, निम्म्यांना नेहमीसारखं राहू दिलं. सहा महिन्यांत पिणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांना एएफ परतलं, सोडणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांना. इथे चिठ्ठ्या टाकूनच गट पाडले होते, त्यामुळे पळवाट नाही. मित्र सोडू नका म्हणावं, ग्लासात सोडा घ्या. चहाला मात्र ठोक्यांच्या नावाने बोल लावायचं कारण नाही, दिवसाचे दोन कप खुशाल घ्या, साखर तेवढी आवरा.

घोरण्याचं सांगितलंत ते फार चांगलं केलंत. नुसतं घोरणं वेगळं आणि घोरता घोरता श्वास थांबणं वेगळं. आज रात्री दहा मिनिटं जागं राहून ऐका. घोरणं चढत जातं, मग एकदम सगळं शांत, दहा सेकंद किंवा जास्त, छाती हलते पण हवा जात नाही, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज होऊन श्वास सुरू होतो. असं असेल तर मोबाइलवर आवाज टिपून डॉक्टरांना ऐकवा. असा श्वास तासात पाच किंवा जास्त वेळा थांबत असेल तर तो आजार धरतात. प्रत्येक वेळी रक्तातला प्राणवायू घसरतो, छातीत ओढ बसते आणि तो बिचारा वरचा डावा कप्पा पुन्हा ताणला जातो. याची झोपेतली तपासणी होते, आता घरीही मशिन लावून करता येते. निघालंच तर रात्री मास्क लावून झोपायचं यंत्र देतात. पहिले आठ दिवस सगळेच कटकट करतात. वजन उतरलं की हाही आजार हलका होतो. आणि झोपेची वेळ बघा: रात्री दहा ते साडेतीन म्हणजे साडेपाच तास. दुपारची झोप धरूनही हे ओढाताणीचंच आहे. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, तीही नेमकी तळलेल्याची आणि गोडाची.

चालण्याला हरकत नाही, उलट हवंच. फक्त आधी डॉक्टरांकडून एवढं विचारून घ्या, की बसल्या जागी ठोके ११० च्या आत आले का. आले असतील तर संध्याकाळी ज्वेलच्या तळ्याभोवती चालायला न्या. तुम्हीही चला. वेग असा, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. ॲडलेडच्याच लोकांनी दाखवलं आहे, की वजन उतरण्याबरोबर दमही वाढला तर फायदा आणखी वाढतो. नुसत्या चालण्याने वजन फारसं उतरत नाही, ही निराशा आधीच पचवून ठेवा. वजन खाण्यातून उतरतं, चालण्याने टिकतं. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. गुडघे दुखायला लागले तर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या घरातल्या डब्यातून काढून देऊ नका, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर त्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अपिक्सॅबॅन बंद करायची नाही. वजन उतरलं म्हणून नाही, घड्याळ गप्प बसलं म्हणून नाही, हिरड्यांतून रक्त आलं म्हणूनही नाही.

थरथरणाऱ्या डाव्या कप्प्याला बाजूला एक छोटी पिशवी असते. तिथे रक्त साचतं, साचलेल्या रक्ताची गुठळी होते, आणि ती सुटली की बहुतेक वेळा सरळ मेंदूकडे जाते. एएफ असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट असतो, हेही फ्रेमिंगहॅमनेच दाखवलं. ही गोळी ठोके सुधारत नाही, गुठळी होऊ देत नाही, एवढंच तिचं काम. ती कुणाला द्यायची हे ठरवायला डॉक्टर गुण मोजतात. बीपीचा एक, शुगरचा एक, पासष्टीचा एक, पंचाहत्तरीचे दोन, आधी पक्षाघात झाला असेल तर दोन, हृदय कमजोर असेल तर एक, हृदयाच्या किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर एक. यजमानांचे आत्ताच दोन झाले. वजनाचा गुण त्यात नाहीच! ९४ चे ८५ झाले तरी दोनाचे दोनच राहतील, आणि पासष्टीला तीन होतील. पुढे ताल परत आला, किंवा कॅथेटर (बारीक नळी) घालून ठोक्यांचा गोंधळ थांबवायची प्रोसिजर केली, तरी गोळी या गुणांवरच ठरते. त्याऐवजी ॲस्पिरिन घेतो म्हणतील, तर तो पर्याय नाही.

हिरड्यांसाठी मऊ ब्रश आणा आणि दाताच्या डॉक्टरांकडून दात साफ करून घ्या. गोळीचं नाव त्यांना आधी सांगा. बहुतेक वेळा हिरड्या आधीच सुजलेल्या असतात, गोळीने फक्त ते दिसायला लागतं. काळी शौच झाली, लघवीतून रक्त गेलं, डोक्याला मार बसला किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखलं तर वाट बघायची नाही.

या गोळीचा अंमल साधारण बारा तासच टिकतो. यजमानांच्या दिनक्रमात ती फार छान बसते: पहाटे चारला घर सोडताना एक, आणि दुपारची झोप झाली की चारला एक. चपलांच्या स्टँडवर पट्टी ठेवा, पायात चप्पल घालताना दिसेल. एखादी चुकलीच तर आठवल्याबरोबर त्याच दिवशी घ्यायची, पुढची दुप्पट करायची नाही. वजन उतरू लागलं की बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्यांचा डोस मात्र कमी करावा लागू शकतो. उठताना चक्कर यायला लागली तर ते सांगायला जा.

घरी नाडी बघायला शिका. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, बेताल नाडीत ते फसतं. एएफमध्ये काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे ईसीजीत आकडा जास्त दिसला तर गोंधळू नका. बीपीचं मशिनही अशा नाडीत वेडंवाकडं दाखवतं, तीन वेळा घ्या आणि सरासरी लिहा. घड्याळाकडे दर तासाला बघायची गरज नाही. त्याने नवरा-बायको दोघांचंही बीपी वाढतं.

तोंड वाकडं झालं, एक हात उचलता येईना, बोलणं अडखळलं तर वेळ बघून ठेवा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि अपिक्सॅबॅन शेवटची कधी घेतली ते तिथे पहिल्यांदा सांगायचं, कारण त्यावर इंजेक्शन द्यायचं की नाही हे ठरतं. नेरुळ-वाशी भागात चोवीस तास सीटी स्कॅन कुठे चालू असतो, ते आजच विचारून फ्रिजवर लिहून ठेवा.

'मी काय करू?' असं तुम्ही शेवटी विचारलंत. मला वाटतं, यजमानांना तुम्ही पटवूच नका. पुढच्या तपासणीला त्यांनाच इकोचा कागद काढायला सांगा. त्यात 'एलए' लिहिलेली एक ओळ असते, पुढे मिलिमीटरमधला आकडा. तो डाव्या वरच्या कप्प्याचा. पुरुषांत साधारण चाळीसपर्यंत ठीक धरतात. त्यांचा किती आहे आणि वजन उतरवल्यावर त्यात काय फरक पडू शकतो, हा प्रश्न त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारावा. वर्षभराने पुन्हा इको काढाल तेव्हा शक्यतो त्याच ठिकाणी काढा आणि जुना कागद बरोबर न्या, दोन ठिकाणची मापं सहसा जुळत नाहीत.